घरी कोण थांबलं होतं

२१ फेब्रुवारी २००७, बुधवार

पोलिसांचे सल्लागार येऊन गेले. इथे जर्मनीत ते चोरी झालेल्या घरी येतात, दारं-खिडक्या बघतात, काय बदलायचं ते सांगतात. उंच, सावकाश बोलणारा माणूस. न सांगता बूट दारात काढले.

चोरी शुक्रवारी झाली. वसुधाचं दहन होतं. मी आणि आमची मैथिली दोघंही क्रेमाटोरियमला शहरात गेलो होतो. परत आलो तर शॉयनेचं दार सताड उघडं. शॉयने म्हणजे घरामागचं जुनं लाकडी कोठार, शेतकऱ्याकडून घर घेतलं तेव्हा घराबरोबर आलं. आम्ही त्यात धान्य कधी ठेवलं नाही. व.ने मराठी मंडळाचं गणपतीचं सामान ठेवलं. बाकी सगळे फ्लॅटवाले, त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, सायकली मावत नाहीत.

गेलेलं: पितळेची मोठी पातेली, परात, समयांची जोडी, तांब्याचं घंगाळ, शिवाय छपराचा तांब्याचा पाइप. गवत कापायचं यंत्र तसंच. सल्लागार म्हणाले, हे लोक वजनावर नेतात, सध्या तांब्या-पितळेला भाव आहे. व. भांडी जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवायची. साड्या जमिनीवर टाकून गेले. मै.ने घड्या घातल्या.

घराच्या मागच्या दारावरही पहारीच्या खुणा. पहार आमचीच, शेडमधली. उघडलं नाही, पण थोडक्यात वाचलं.

"वस्तूंवर काही खूण होती का?"

म्हटलं, नावं घातलेली आहेत. आमच्यात भांड्यांवर नाव घालतात.

"सगळ्या भांड्यांवर?"

"चमच्यावरसुद्धा."

सल्लागार खूश. लोकांना हेच सांगून सांगून थकलो म्हणाले. मग फोटो दाखवला. "ही कुठली लिपी?" सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

जाताना विचारलं, "दहनाच्या वेळी घरी कोण थांबलं होतं?"

कोणी नाही.

"शेजारी?"

नाही. गावाच्या पत्रकात वेळ आणि पत्ता छापला होता का? हो, मीच दिला होता. सगळे देतात. त्यांनी तेही लिहून घेतलं.

२२ फेब्रुवारी

तेरावा. पुण्याहून भाऊंनी फोनवर सांगितलं तसं केलं. मै.ने शिरा केला, जरा कोरडा झाला. दोघांनीच खाल्ला. ती उद्या एश्बॉर्नला परत जाणार, सोमवारी तिचं नवीन प्रोजेक्ट सुरू होतंय.

जेवताना विषय काढला. "बाबा, इथे एकटं राहायचं नाही. माझ्याजवळ फ्लॅट बघते."

"नोकरी झिंडेलफिंगेनला आहे."

"मग झिंडेलफिंगेनला फ्लॅट घ्या. मुद्दा तो नाहीच. ते घराचं दार फोडत होते. तुम्ही आत असता तर?"

हे घर घ्यायला मीच नको म्हणत होतो. कारखान्याजवळ तिसऱ्या मजल्यावर छान चाललं होतं. व. अडून बसली, अंगण हवं, सफरचंदाचं झाड हवं, कोणी आलं तर झोपायला जागा हवी. आता मला इथून निघायचं नाही. हे मै.ला सांगायला गेलो आणि म्हटलं, "बंदोबस्त करतो."

"आणि पुन्हा झालं तर?"

"पुन्हा झालं तर विकू."

"नक्की?"

"नक्की."

तिने इथल्या रीतीने हात पुढे केला. मी दिला.

मग सल्लागारांचा प्रश्न सांगितला. मै. म्हणाली, "पण फ्राउ केरर आल्या होत्या ना त्या सकाळी? विणकाम घेऊन?"

आल्या होत्या. समोरच राहतात. दारात उभ्या, हातात पिशवी, थर्मास. मला वाटलं सांत्वनाला आल्या. सुतकाच्या घरात परक्या बाईला कशाला अडकवायचं. म्हटलं, थँक्यू, पण आमच्यात या दिवसांत बाहेरचं कोणी घरात बसत नाही. त्यांच्यादेखत दार ओढून कुलूप लावलं.

मै. म्हणाली, "बाबा, त्या घर सांभाळायला आल्या होत्या. गावात तशीच पद्धत आहे."

"मला कसं कळणार?"

"आपल्याकडे काय वेगळं करतात? आजी गेली तेव्हा आई आणि काकू मागे थांबल्या होत्या. दिव्यापाशी."

खरं आहे. पुण्यात घर भरलेलं असायचं. पुरुष गेले तरी बायका मागे. घर रिकामं पडलंय असं कधी पाहिलंच नाही, म्हणून थांबणं हे कोणाचं तरी काम असतं हे लक्षात आलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

सल्लागारांनी सांगितलेलं:

बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून दिसतात. कुलूप कितीही मोठं असो, दार दुसऱ्या बाजूने निघतं. आरपार बोल्ट घालून आतून नट.

शॉयनेच्या दोन्ही दारांना, पुढच्या मोठ्या आणि मागच्या छोट्या, आतून आडवा अडसर.

शिडी वळचणीला टांगू नये. म्हणजे वरच्या खिडकीला आमंत्रण. साखळीने बांधावी.

पहार, फावडं, घण शेडमध्ये नको. कुलपात.

दिवा. हालचाल झाली की लागणारा.

आणि "शेजाऱ्यांशी बोला." हे त्यांनी दोनदा म्हटलं.

काल बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकाम-सामानाच्या दुकानातून, बोल्ट आणले. आज लावायला घेतले तर रविवार. इथे रविवारी आवाज करू देत नाहीत, ड्रिल चालवता येत नाही. हाताने जेवढं जमलं तेवढं केलं.

४ मार्च

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना फ्राउ के. समोर. मी "गुटेन मॉर्गेन" म्हटलं. त्यांनी मान हलवली, आत गेल्या. पूर्वी व.शी कुंपणावरून अर्धा तास बोलायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. व.चं जर्मन असं होतं की क्रियापद येईपर्यंत माणसं थांबून राहायची.

शॉयनेच्या पुढच्या दाराचा अडसर बसला, बाहेरून किल्लीने सरकतो. ओक. वजनदार आहे, उचलताना पाठीत लागलं.

१८ मार्च

अस्थी घेऊन नाशिकला जायचंय. मै. आणि मी, गुरुवारी निघायचं. पासपोर्टबरोबर कलशाचे कागद ठेवले.

घर रिकामं राहणार. मै. म्हणाली, "केररांना किल्ली द्या. प्लीज." मी म्हटलं, बघतो. गेलो नाही. ज्यांच्या तोंडावर कुलूप लावलं त्यांच्याकडे किल्ली घेऊन कसं जायचं.

त्याऐवजी टायमर आणले. बैठकीची खोली, जिना, वरची खोली. अंधार पडला की दिवे लागणार. स्वयंपाकघरात रेडिओ. दोनदा तपासून घेतलं. चोख चालतं.

६ एप्रिल, गुड फ्रायडे

परवा परत आलो. गोदावरीचं पाणी थंड होतं. मै. पाण्यात उतरली, मला वाटलं नव्हतं उतरेल. बाकी लिहीत नाही.

शॉयने जागेवर. दारं जागेवर.

आज दुपारी हेर केरर कुंपणापाशी आले. अल्बर्ट केरर, फ्राउ के.चे यजमान. पूर्वी दुधाचा टँकर चालवायचे, आता गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात. म्हणाले, "हेर पाटणकर, तुमचा दिवा चांगला आहे. आम्ही सगळ्यांनी घड्याळं लावून घेतली."

मला कळेना.

"तीनही खिडक्या एकदम लागतात. तीनही एकदम बंद. रोज. माझी बायको म्हणाली, पाटणकर गेले की ट्रेनचा सिग्नल बसवून जातात."

मी तिन्ही टायमर एकाच वेळेला लावले होते. चोख.

"आणि रेडिओ रात्रंदिवस चालू," ते म्हणाले. "दोन दिवसांनी आमच्या टोनीने येऊन घराभोवती फेरी मारली, म्हटलं म्हातारा आत पडला तर नाही ना." टोनी त्यांचा कुत्रा. कुत्र्याच्या नावावर स्वतःची फेरी सांगत होते.

विचारलं, "रोज बघत होतात?"

"आल्झो, म्हणजे, कोणीतरी बघायलाच हवं. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून काय झालं."

७ एप्रिल

फ्राउ के.कडे गेलो. नाशिकचा चिवडा घेऊन. काय बोलायचं ते येताना विमानात मनात जुळवलं होतं, दारात सगळं विसरलो.

बसवलं. कॉफी. शेवटी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही घर सांभाळायला आला होतात, मला ते माहीत नव्हतं. आमच्यात मृत्यू झालेल्या घरी काही दिवस बाहेरच्यांनी जेवू-खाऊ नये, जाऊन-येऊन असू नये अशी रीत आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो. अविश्वास नव्हता.

फ्राउ के. म्हणाल्या, "मला वाटलं, मी कपाटं उघडून बघेन अशी तुम्हाला भीती वाटली."

"नाही हो."

"उघडली असतीच. वसुधाचे मसाले बघायचे होते."

अल्बर्ट हसायला लागले, मग खोकायला.

त्यांनी सांगितलं. इथे अंत्यविधीच्या तासाला गावात एकही घर रिकामं ठेवत नाहीत. त्यांच्या लहानपणापासून. ज्याचं घर त्याने सांगायचं नसतं, शेजारच्याने यायचं. आणि जो थांबतो त्याला दफनाला जाता येत नाही. "जवळच्यालाच थांबावं लागतं. म्हणून ते सोपं नसतं. वसुधाला शेवटचं बघायला मी येणार नव्हते, ठरवून आले होते. आणि तुम्ही मला तिकडेही येऊ दिलं नाहीत, इकडेही."

मी कॉफी प्यायलो.

निघताना किल्ली दिली. त्यांनी त्यांची दिली. दोन्ही आपापल्या दाराच्या मागच्या खिळ्याला.

२९ एप्रिल

टायमर वेगवेगळे लावले. तरी अल्बर्ट रोज टोमणा मारतात. "आज जिना उशिरा झोपला."

हालचालीचा दिवा बसवला. केररांची मांजर पहिल्याच रात्री बारा वेळा तपासून गेली. अल्बर्ट: "आमच्या बेडरूममध्ये डिस्को चालू आहे. मी नाचत नाही, माझे गुडघे बघा." खाली तोंड करून लावला. आता मांजर दिसत नाही, माणूस दिसेल.

१९ मे

शॉयनेच्या मागच्या छोट्या दाराला अडसर. हे दार मी हिशेबात कधी धरलंच नव्हतं. कुरणाकडे उघडतं, रस्त्यावरून दिसत नाही. सल्लागारांनी नेमकं याच्यावर बोट ठेवलं होतं, मी शेवटी ठेवलं. फळ्या जुन्या, अडसर नवा. फळ्या बदलायला हव्यात. सुतार म्हणाला, सप्टेंबरनंतर.

शेडमधली सगळी हत्यारं भिंतीला साखळीत. फावडं काढायचं तर आता तीन किल्ल्या. व. असती तर म्हणाली असती, झाड लावायचंय की बँक उघडायचीय.

१० जून

मै. आली. सफरचंदाखाली बसून लॅपटॉपवर काम केलं. संध्याकाळी म्हणाली, सहज घराची किंमत काढली, जमीन धरून चांगली येते. "फक्त माहिती म्हणून."

म्हटलं, माहिती असलेली बरी.

तिला फेरी मारून सगळं दाखवलं. बोल्ट, अडसर, साखळ्या. तिने सगळं नीट बघितलं, प्रश्न विचारले. "गेनाऊ, अगदी बरोबर, हे चांगलं केलंत." मग दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही घराला कुलपं लावता की स्वतःला?"

उत्तराला ती थांबली नाही.

८ जुलै

पलीकडच्या गावात दोन शॉयने फोडल्या. एका ठिकाणी केबल नेली, एका ठिकाणी चर्चच्या हॉलचे तांब्याचे पन्हळ. पत्रकात आलंय: परके पांढरे लीफरवागन, म्हणजे मालाच्या व्हॅन, दिसले तर नंबर लिहून ठेवा. अल्बर्ट म्हणाले, "सगळे परके लीफरवागन पांढरेच असतात. माझा दुधाचा टँकरही पांढराच होता."

ते आता कुंपणापर्यंत येत नाहीत. मी जातो.

मै.ला ही बातमी सांगितली नाही. लपवलं असं नाही. विषय निघाला नाही.

१२ ऑगस्ट

मंडळाची शिल्पा नवीन भांडी घेऊन आली. कोणाच्या तरी सामानातून पुण्याहून. नवरा, दोन मुलं, सगळे गाडीत मावून आले. मुलं मराठीत विचारलेल्याची उत्तरं जर्मनमध्ये देतात, पण शिरा मागताना बरोब्बर "अजून" म्हणतात.

शिल्पा: "काका, खरं सांगू? आमच्या केलरमध्ये ठेवते. अडचण होईल, पण होईल. तुम्हाला उगाच ताप."

"इथेच ठेव."

"पुन्हा काही झालं तर—"

"इथेच ठेव. तिने जागा करून ठेवलीय."

 डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी भांडी उचलायला घेतली.

नवीन पातेल्यांवर मंडळाचं नाव मी घातलं, विजेच्या सुईने. वर मराठीत, खाली इथल्या लिपीत. अक्षर वाकडं आलंय. पातेली मागच्या बाजूला, छोट्या दारापाशी. तिथेच कोरडं असतं.

गणपती पंधरा सप्टेंबरला.

२७ ऑगस्ट, सोमवार

अल्बर्ट गेले. काल दुपारी, खुर्चीत. आज कारखान्यातून आलो तेव्हा फ्राउ के. अंगणात मोजे वाळत घालत होत्या. अल्बर्टचेच, राखाडी. म्हणाल्या, "धुवायला टाकलेले होते, म्हटलं होऊन जाऊ दे."

मी दोरीला चिमटे लावायला मदत केली.

२९ ऑगस्ट

दफन शुक्रवारी दुपारी. पत्रकात वेळ, पत्ता, सगळं. शुक्रवारची सुट्टी टाकली. काळा कोट काढून ठेवला.

संध्याकाळी फ्राउ के. आल्या. बसल्या नाहीत. "हेर पाटणकर, तुम्ही थांबाल?"

शेजारच्याने न सांगता जायचं असतं. मी गेलो नव्हतो. मला दफनाला जायचं होतं. गावात माझ्याशी रोज बोलणारा तो एकच माणूस होता. त्यांना दोनदा विचारायला लावू नये म्हणून लगेच हो म्हटलं.

"तुमचं घर?"

"कुलूप आहे."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "टोनीपण घरीच राहील. त्याला ऐकू येत नाही असं दाखवतो, पण येतं."

३१ ऑगस्ट, शुक्रवार

केररांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. फ्राउ के. आणि दोन्ही मुलगे गाडीने गेले. घंटा वाजून गेली. टेबलावर केक झाकून ठेवलाय, लोक परत आल्यावरचा. टोनी पायाशी. काळा कोट घातलाय, इथे बसायला तरी.

खिडकीतून माझं घर दिसतं. शॉयनेचं पुढचं दार, अंगणाचा निम्मा भाग. मागचं दार इथून दिसत नाही.

गावात कोणी नाही. आवाजच नाही.

माझ्या अंगणात एक लीफरवागन आला. पांढरा.

(संध्याकाळी, घरी)

लिहायचं थांबलो होतो. जे झालं ते क्रमाने.

गाडी शॉयनेसमोर उलटी लावली. दोघं उतरले. एकाने घराची बेल वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली. दुसरा शॉयनेला वळसा घालून मागे गेला. छोट्या दाराकडे.

केररांच्या बिनतारी फोनवरून पोलिसांचा एकशे दहा नंबर लावला. नाव, पत्ता सांगितला. "तुमचाच पत्ता?" हो. "तुम्ही घरात आहात का?" नाही, समोर. "मग बाहेर येऊ नका, गाडी पाठवतो." गाडीचा नंबर विचारला. अर्धाच दिसत होता, तेवढा सांगितला.

आवाज यायला लागला. लाकूड तडकल्याचा. रस्ता एवढासा आहे. तिथून दहा पावलं. धावत गेलो असतो, ओरडलो असतो तर कदाचित पळाले असते. कदाचित नसते. पण केररांचं घर उघडं टाकून जायचं, किंवा कुलूप लावून जायचं. कुलूप लावून गेलो असतो तर चाललं असतं, कोणाला कळलंही नसतं. दरवाज्यापर्यंत गेलो होतो. कडीला हात होता.

माझ्या दारामागे आडवा ओक आहे. त्यांचं दार माझ्या भरवशावर सोडून त्या अल्बर्टला पोचवायला गेल्यात.

परत आलो. खिडकी पूर्ण उघडली आणि मध्ये उभा राहिलो, दिसेल असा. बेल वाजवणाऱ्याने वर बघितलं. काळ्या कोटातला माणूस, हातात फोन. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. टोनी भुंकायला लागला, ऐकू आलं वाटतं. बेलवाल्याने शिट्टी मारली. दुसरा मागून आला. हातात पहार होती, बाकी काही होतं की नव्हतं दिसलं नाही, गाडी मध्ये. गेले.

मी गेलो नाही बघायला. बसून राहिलो. तेव्हा मनात एकच चाललं होतं, मागच्या फळ्या बदलल्या नव्हत्या.

पोलीस आले, त्यांना खिडकीतूनच हात केला. त्यांनी खुणेने विचारलं, येता का. मी नाही म्हणून मान हलवली. दोघं एकमेकांकडे बघून हसले की काय, कळलं नाही.

मग गाड्या परत आल्या. फ्राउ के. आत आल्या, हातमोजे काढत. "सगळं ठीक?"

"तुमच्याकडे सगळं ठीक."

त्यांनी खिडकीतून बघितलं. माझ्या अंगणात पोलिसांची गाडी. "आणि तुम्ही इथेच बसलात?"

"थांबायचं होतं ना."

त्यांनी टोपी काढली. खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. लोक आत येत होते, बूट पुसत. मुलगा म्हणाला, "मम्मा, कॉफी मी करतो." मी निघालो.

शॉयने: मागच्या दाराच्या तीन फळ्या फोडल्यात. हात घालता येईल एवढं भोक. अडसर जागेवर. वाकला नाही, निघाला नाही. आत भांडी तशीच. एका पातेल्याला पहारीचा पोचा. पोलीस म्हणाले, प्रयत्न म्हणून नोंदवतो.

१ सप्टेंबर, शनिवार

मै.ला फोन केला. सगळं सांगितलं. जुलैची बातमी पण सांगितली.

तिने विचारलं, "भांडी आहेत?"

"आहेत."

"म्हणजे चोरी झाली नाही."

"दार फोडलं."

"बाबा, तुम्ही वकिलासारखे माझ्याच बाजूने का बोलताय?"

"ठरलं होतं म्हणून. पुन्हा झालं तर विकायचं. हे झालं की नाही झालं, ते तू सांग. मी सांगितलं तर मी मला हवं तेच सांगेन."

"तुम्हाला काय हवंय?"

हे तिने आजवर विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "इथे राहायचंय."

ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते. दाराला तोवर काहीतरी ठोकून ठेवा."

प्लायवूड ठोकलं. केररांचा थोरला मुलगा आला होता धरायला. न बोलावता. जाताना म्हणाला, आम्ही मम्माला आमच्याकडे चल म्हणतोय, ती ऐकत नाही. माझ्याकडे असं बघत होता की मी काहीतरी बोलेन. मी खिळे गोळा केले.

८ सप्टेंबर, शनिवार

मै. सकाळीच आली. चहा घेतला नाही, आधी शॉयनेत गेली, मी मागोमाग. तिने आतून मागचा अडसर ओढून बघितला. दोन्ही हातांनी. मी घरात येऊन खिडकीतून बघत होतो. मग फ्राउ के. कुंपणापाशी आल्या, दोघी बोलत उभ्या राहिल्या. व. उभी राहायची तिथेच. काय बोलल्या ऐकू आलं नाही. एकदा दोघी माझ्या खिडकीकडे बघून हसल्या.

आत आली. "टेप कुठंय?"

दिली.

शॉयनेचं माप घेतलं. आधी छोटं दार, मग मोठं, मग लांबी, रुंदी, वळचणीची उंचीसुद्धा. आकडे मोबाइलवर टाकत होती. दाराचं माप सुताराला लागेल. लांबी-रुंदी किंमत काढायला लागते, ते मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे.

"बाबा, ते टोक धरा. ताणून."

मी कोपऱ्यात जाऊन टोक धरलं. तिने पलीकडून आकडा वाचला, मोठ्याने, जर्मनमध्ये. मी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी गणपती. शिल्पा शुक्रवारी भांडी न्यायला येते म्हणाली. पोचा पडलेलं पातेलं वर काढून ठेवलंय.